मधलं घर रिकामं

भाच्याने मोबाइलवर फॉर्म उघडला आणि 'नाना, बघा जरा' म्हणून नानांच्या हातात दिला. तिथेच वादाला तोंड फुटलं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र, यात कुणाचं दुमत नव्हतं. मायनरच्या, म्हणजे जोडविषयाच्या, रकान्यात मात्र त्याने निवडलं होतं, 'स्त्री आणि लिंगभाव अभ्यास'. फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

नानांनी दोनदा वाचलं. "अरे, हा मुलींचा विषय. तू तिथे काय करणार?"

या प्रश्नाचा निकाल सिस्टरनेच लावला. ती ड्यूटी संपवून नुकतीच कट्ट्यावर टेकली होती. "नाना, बाळंतपणं करणारे कितीतरी डॉक्टर पुरुष आहेत. त्यांना कुणी असं विचारतं का?"

"बरं, ते सोड. पण पाच-सहा पेपर म्हणजे थोडेथोडके नाहीत. तेवढ्या वेळात कंप्युटरचा मायनर होतो. आणि खरं सांगू? हा विषयच मला विषय वाटत नाही. मतं आहेत ती. मतं शिकायला कॉलेज कशाला? ती इथे कट्ट्यावर रोज मिळतात."

वेळेचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण नानांचा शेवटचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटला, कारण तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, शिकलेल्या आणि भल्या माणसांच्यासुद्धा. या विषयात तपासून बघता येईल असं ज्ञान आहे का, की नुसत्या भावना आहेत? उत्तर देता येत नसेल तर मायनर घेऊ नये, एवढं माझंही मत आहे.

सिस्टर म्हणाली, "झोल्पिडेम ऐकलंय? झोपेची गोळी. अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली. बाई असो, बुवा असो, डोस एकच, १० मिलिग्रॅम. मग २०१३ मध्ये तिथल्या औषध नियामकाने सांगितलं, बायकांना ५ द्या. का, तर बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी गाडी चालवताना उरतो. वीस वर्षं गेली यात."

"हे औषधशास्त्र झालं," नाना म्हणाले. "यात तुमचा स्त्री-अभ्यास कुठे आला?"

आक्षेप रास्त होता, आणि सिस्टरनेही तो उडवून लावला नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "उत्तर औषधशास्त्रानेच शोधलं, मान्य. पण बाईचं शरीर वेगळं मोजा, हा प्रश्न कुणी लावून धरला? १९७७ मध्ये त्याच नियामकाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं होतं. काळजीपोटीच, पोटातल्या बाळाला इजा नको म्हणून. पण त्याचा परिणाम असा, की पुरुषावर बसलेलं माप बाईलाही लागू. सरकारी पैशाने होणाऱ्या संशोधनात बायका घ्यायलाच हव्यात, असा कायदा तिथे १९९३ मध्ये झाला. तो आपोआप नाही झाला. त्यामागे बायकांच्या आरोग्यावर काम करणारी माणसं होती, अभ्यासक होते. प्रयोगशाळेत उत्तरं मिळतात हो, पण प्रश्न आत न्यावा लागतो."

इतका वेळ वकील ऐकत होता. तो स्कूटरवरून उतरून कट्ट्यावर आला, म्हणजे आता तो बोलणार हे सगळ्यांना कळलं.

"आमच्याकडचं एक ऐका. अमेरिकेतला खटला, १९७६ चा निकाल. पाच काळ्या बायकांनी जनरल मोटर्सवर दावा लावला. कंपनीने १९६४ च्या आधी काळ्या बायका घेतल्याच नव्हत्या. पुढे घेतल्या, आणि मंदी आली तेव्हा नियम काय, तर शेवटी आलेला आधी बाहेर. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. कोर्ट म्हणालं, बाई म्हणून अन्याय झाला म्हणता? कंपनीत तर आधीपासून बायका आहेत. होत्याच, गोऱ्या होत्या. वर्णामुळे म्हणता? त्याचा दुसरा दावा चालू आहे, तिकडे सामील व्हा. दोन्ही एकत्र करून वेगळा वर्ग आम्ही मानणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. हरल्या. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने तोच निकाल घेऊन लेख लिहिला आणि त्यात इंटरसेक्शनॅलिटी हा शब्द आणला, म्हणजे एकाच माणसावर दोन बाजूंनी होणारे अन्याय एकमेकांत मिसळून बघणं. आज तो जगभर चालतो. मी स्वतः वकिली करायला लागल्यावर तो लेख वाचला, आणि मला वाईट वाटलं की शिकताना कुणी हातात दिला नाही."

भाच्याने वहीचं शेवटचं पान उघडलं होतं. दिव्याच्या उजेडात त्याने चौकट आखली. डावीकडे स्त्री, पुरुष. वर काळे, गोरे. कडेला आणि खाली बेरजेचे रकाने. काळे पुरुष, खूण. गोरे पुरुष, खूण. गोऱ्या स्त्रिया, खूण. चौथं घर त्याने कोरं ठेवलं आणि वही नानांसमोर धरली.

"नाना, आता फक्त बेरजा बघा. स्त्रिया आहेत का? आहेत. काळे आहेत का? आहेत. दोन्ही बेरजा शून्य नाहीत. कोर्टाने बेरजा बघितल्या. मधलं घर रिकामं आहे ते बघितलंच नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात, बेरजेवरून आतलं घर कळत नाही. पण कुठलं घर उघडून बघायचं, ते संख्याशास्त्र नाही सांगत मला. म्हणून मी हा मायनर मागतोय."

मला त्याचं कौतुक वाटलं. हा विषय मायनर म्हणूनच सगळ्यात कामाला येतो असं माझं मत त्याच क्षणी पक्कं झालं. शेजारी दुसरं शास्त्र असलं की तो त्याला जाब विचारू शकतो. एकटा असला तरी त्याला त्याची स्वतःची वाट आहेच. १९७० मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट कॉलेजात (आताचं विद्यापीठ) स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला, आणि पुढे ठिकठिकाणी नावात 'लिंगभाव' आला. त्यावरही भांडणं झाली. नावातून स्त्री गेली तर कामातूनही जाईल, ही भीती खोटी नव्हती. पण लिंगभाव म्हटल्यावर पुरुषांचाही अभ्यास त्यात येतो: पुरुष दुखणं अंगावर का काढतात, जगातल्या बहुतेक देशांत आत्महत्या करणाऱ्यांत ते जास्त का असतात. मुलाने हा विषय का घ्यावा, याला माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

नाना मात्र अजून त्यांच्याच जागी होते. त्यांची उभी हयात हिशेबखात्यात गेली. म्हणून मी हिशेबाचंच काढलं.

"नाना, संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत, देशाचं उत्पन्न कसं मोजायचं याचे. १९९३ च्या नियमांप्रमाणे बाईने घरासाठी लांबून पाणी वाहून आणलं तर ते उत्पादन. त्याच पाण्याने तिने घरची भांडी घासली, तर नाही. दुसऱ्या कुणाला पगार देऊन तीच भांडी घासून घेतली, तर पुन्हा हिशेबात."

नाना सावरून बसले. "हे कसं काय? काम तेच ना?"

"काम तेच. आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल सांगतो, जगात बिनपगारी घरकामाचे आणि घरच्या माणसांना सांभाळण्याचे जेवढे तास होतात, त्यातले ७६.२ टक्के बायकांचे. पुरुषांच्या ३.२ पट."

"पण तास मोजले कुणी? आणि कसे?"

भाचा या प्रश्नाची वाटच बघत होता. त्याने आणखी एक पान फाडलं, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडले आणि सिस्टरपुढे ठेवलं. "मावशी, काल संध्याकाळचं भर. अर्ध्या तासात काय केलंस तेवढंच."

सिस्टर लिहायला लागली. साडेसातच्या रकान्यापर्यंत हात भरभर चालला. आठला अडला.

"मुलाचा अभ्यास घेत होते. पण तेव्हाच गॅसवर स्वयंपाक होता. आणि मध्येच सासूबाईंना गोळ्या दिल्या. लिहू काय?"

"तिन्ही लिही की," नाना म्हणाले.

"लिहिलं तर प्रत्येकाचा अर्धा तास धरायचा?" भाच्याने विचारलं. "मग मावशीचा दिवस २४ तासांचा राहत नाही."

"राहत नाही खरा. ताळा जुळत नाही." नानांनी कागद ओढून घेतला. "एकच मुख्य काम धरलं तर?"

"तर बाकीची दोन गायब. सासूबाईंनी गोळ्या घेतल्याच नाहीत असं होतं. आणि सगळ्या वेळ लक्ष ठेवणं, ते कशात धरायचं? यावरच तर वाद आहेत, नाना. मुख्य काम, सोबतचं काम, नुसतं लक्ष ठेवणं. जशी व्याख्या धरू तसा आकडा बदलतो."

नाना बराच वेळ त्या आठच्या रकान्याकडे बघत होते. सिस्टरच्या अक्षरात 'अभ्यास' आणि पुढे एक खोडलेला शब्द, एवढंच तिथे होतं.

मी माझ्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली, कारण ती खरी आहे. हा विषय वाईट शिकवला जाऊ शकतो. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं, आणि वेगळं बोलणाऱ्याला गप्प बसवलं जातं, असा वर्ग भाच्याच्या वाट्याला आला तर नानांचा आक्षेप तिथे लागू पडेल. वकीलही म्हणाला, पेपरांची यादी बघूनच ठरव, नावावर जाऊ नकोस. आणि सिस्टरने त्याला बजावलं, "वर्गात मुलगे दोन-तीनच असाल. पहिला महिनाभर ऐकून घे. मग बोल."

"हो मावशी."

नानांनी चष्मा पुसला, मोबाइल पुन्हा मागून घेतला आणि पेपरांची यादी दिव्याखाली धरून एकेक ओळ वाचत गेले. इतिहास, कायदा, आरोग्य, श्रम आणि घरकाम. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा संशोधन पद्धतीचा पेपर ऐच्छिक का ठेवलाय यांनी? तू तो पहिल्या सहामाहीतच घे. आणि तो कागद दे इकडे, आठच्या रकान्याचं काहीतरी करायला पाहिजे."