म्हणजे ग्रुप ॲडमिनच की!

परवा सोसायटीने डक्टमधल्या जुन्या टेलिफोनच्या वायरी काढल्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांचा उपयोग अलीकडे फक्त उंदरांना होत होता. म्हणणं आहे ते खजिनदारांबद्दल. वायरींचं भेंडोळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढत होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या वायरीवर एके काळी बीबीएस चालायचा."

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. शिवाय सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. बँकेतल्या हुद्द्यापेक्षा या हुद्द्याचा उल्लेख ते जास्त वजनाने करतात.

"बीबीएस म्हणजे?"

"बुलेटिन बोर्ड. घरच्या कॉम्प्युटरला मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारी डबी, आणि मोडेमला फोनची लाइन. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचे, निरोप वाचायचे, लिहायचे, फायली उतरवून घ्यायचे. चालवणारा तो सिसॉप. मी होतो."

"म्हणजे ग्रुप ॲडमिनच की!"

"तसं नाही…"

"मेंबर किती?"

"एका वेळी एक."

"एकच? मग बाकीच्यांना काय रिमूव्ह करायचात?"

"बाकीच्यांना एंगेज टोन यायचा."

"म्हणजे ब्लॉक."

"ब्लॉक नव्हे हो. लाइन एकच. एक जण आत असला की दुसऱ्याने थांबायचं. पहिला जे लिहून जाईल ते दुसऱ्याने नंतर येऊन वाचायचं."

खजिनदारांनी विचार केला. "म्हणजे दोन मेंबर एकमेकांशी कधी बोललेच नाहीत?"

"बोलले की! वर्षानुवर्षं भांडले."

"पण एका वेळी एक?"

"एका वेळी एक."

"शिस्त आहे," ते म्हणाले. एवढ्या संभाषणात माझ्या वाट्याला आलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. तिथेच थांबायला हवं होतं त्यांनी. "आणि परगावच्या लोकांचं काय?"

"फिडोनेट. रात्री आमचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरला फोन करणार, दिवसभराचा गठ्ठा देणार, त्यांचा घेणार. मग तो पुढच्याला."

"फॉरवर्ड! तेच तर म्हणतोय मी. परदेशात कधी पोचायचा?"

"दोन-तीन दिवसांत."

"ब्लू टिक?"

"नाही."

"मग गुड मॉर्निंग?" त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. पण माणूस हिशेबी. उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं. "सोमवारचं शुक्रवारीच टाकून ठेवायचं म्हणजे."

"गुड मॉर्निंग कुणी टाकत नव्हतं हो."

"म्हणूनच भांडणं व्हायची. बरं, वर्गणी किती?"

"बहुतेक ठिकाणी काहीच नाही."

"फोनचं बिल?"

"सिसॉपचं."

"वीज?"

"सिसॉपची."

"मोडेम, कॉम्प्युटर?"

मी गप्प. खजिनदारांनी भंगारवाल्याकडे पाहिलं, साक्षीदाराकडे पाहावं तसं. "आणि वहिनी काही बोलल्या नाहीत?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, "तांबं मात्र चांगलं निघतंय," म्हणत ते काट्याकडे वळले.

ॲडमिन! ॲडमिन व्हायला काय लागतं? ग्रुप आपण काढला असला की झालं. आता खजिनदार ऐकायला नाहीत, तेव्हा तुम्ही ऐका.

मुळात हा उद्योग सुरू झाला तो बर्फामुळे. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत एवढा बर्फ पडला की वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे कॉम्प्युटर क्लबातले दोघे घरात अडकले. क्लबाच्या सूचना लावण्याच्या फळ्याऐवजी फोनवरून वाचता येईल असा फळा करू म्हणाले, आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला तो फळा, नाव सीबीबीएस, लोकांसाठी खुला झाला. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. ओळ डोळ्यांदेखत अक्षराअक्षराने उमटते. पुढचा शब्द काय असेल यावर पैज लावता येईल इतकी सावकाश. हे दोघेही आता हयात नाहीत. त्यांच्या नावाने एकही फॉरवर्ड माझ्यापर्यंत आलेला नाही, एवढंच नोंदवतो.

आपल्याकडे हे लोण पोचलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस बंगळुरात 'सिक्स' नावाचा बोर्ड चालवायचे, ते १९८९ पासून. मुंबईतही बोर्ड होते. पण शिकागोत नसलेली एक अडचण इथे होती, ती म्हणजे मोडेम. तो बहुधा कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मेहुण्याने बॅगेतून आणलेला असायचा. त्याचा अडॅप्टर ११० व्होल्टचा. उत्साहाच्या भरात थेट २३० ला लावला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन अडॅप्टर वाचवलात, तर मोडेमला आपली डायल टोन डायल टोन वाटायची नाही. 'नो डायलटोन' असं लिहून तो मोकळा. त्याला 'एटीएक्स३' असा हुकूम सोडावा लागे, म्हणजे टोन ऐकू येवो न येवो, तू फिरव नंबर. त्यातून एक्स्चेंज जुनं असलं तर टोन चालणार नाही, पल्स हवी, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखे खटके. हुकुमात 'डीटी'च्या जागी 'डीपी'. आणि पल्समध्येही खटक्यांचं प्रमाण, म्हणजे लाइन जोडलेली किती नि तोडलेली किती, ते अमेरिकेत ३९:६१, तर आपल्याकडे ३३:६७. ते '&पी१' घालून बदललं नाही की खटके चुकीचे मोजले जायचे आणि रात्री दोन वाजता कुणीतरी सद्गृहस्थ झोपेतून उठून पलीकडची नुसती शांतता ऐकायचे. ते शिव्या द्यायचे, पण त्या मोडेमला कळत नसत.

हे झालं फोन लावणाऱ्याचं. घेणाऱ्याच्या बाजूला 'एस०=१', म्हणजे पहिल्या घंटीला उचल. घरात फोन एकच, त्यामुळे पुष्कळ बोर्ड रात्री दहा ते सकाळी सहा चालत. सव्वादहाला कोणाच्या तरी आत्याने खुशाली विचारायला फोन केला की तिला पलीकडून किंचाळी ऐकू येई, आणि साडेदहाला ती रिक्षा करून दारात. दुसरी धोंड एक्स्टेन्शनची. आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की पडद्यावर महिरपी कंसांची आणि नागमोडी रेघांची रांगोळी, मग 'नो कॅरिअर', म्हणजे लाइन तुटली. उचलणारा वर विचारणार, "फोनला काय झालंय?"

पण खरा सिसॉप ओळखायचा तो '&सी१&डी२' वरून. पहिल्याचा अर्थ, समोरचा गेला की कॉम्प्युटरला खरं खरं सांग. दुसऱ्याचा अर्थ, कॉम्प्युटरने हात सोडला की लाइन काप. ही दोन नीट बसवली नसली आणि मधेच लाइन तुटली, तर बोर्डाला वाटायचं माणूस अजून आहे. पुढचा फोन आला की तो आधीच्याच्या नावावर, आधीच्याच्या पत्रांत, सरळ आत. आधीचा जर स्वतः सिसॉप असला, मित्राच्या घरून डोकावलेला, तर येणाऱ्याला सगळ्या घराच्या किल्ल्या. ग्रुप ॲडमिनने आपला फोन अनलॉक करून रिक्षात ठेवून बघावा, म्हणजे कल्पना येईल.

वेगाचा हिशेब सांगतो, कारण फुकट डेटावर पोसलेल्यांना तो खोटा वाटतो. सेकंदाला २४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवर एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. ३६० केबीची एक फ्लॉपी भरायला जवळपास २६ मिनिटं, एक एमबीला सव्वा तास. माणशी रोजची वेळ अर्धा-पाऊण तास, कारण बाहेर लोक एंगेज टोन ऐकत बसलेले. म्हणजे दिवसाला फार तर एक फ्लॉपी. फाइल पाठवायची जुनी रीत एक्स-मोडेम. तिने १२८ बाइटचा तुकडा पाठवायचा, "पोचला का?" विचारायचं, मग पुढचा. ९० टक्क्यांवर वीज गेली की पुन्हा शून्यापासून. १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांनी झेड-मोडेम ही नवी रीत आणली; तिच्यात तुटलं तिथून पुढे चालू करता येई आणि दर तुकड्याला थांबायची गरज नव्हती. या माणसाचा पुतळा उभारायला हवा होता, असं मला अजून वाटतं. पुण्याच्या गुरुवारी जाणाऱ्या विजेसमोर तर नक्कीच.

अतिशहाण्यांसाठी आणखी एक सापळा होता, एमएनपी-५. मोडेमने स्वतःच माहिती दाबून पाठवायची, म्हणजे वेग वाढेल, असा जाहिरातीचा दावा. फायली सगळ्या आधीच झिप केलेल्या. दाबलेलं पुन्हा दाबायला गेलं की ते फुगतं आणि उतरवायला जास्तच वेळ लागतो. बंद करा म्हणून सांगितलं तरी लोक करत नसत, कारण पैसे मोजलेले. व्ही.४२ बिस ही पुढची पद्धत आली तेव्हा कुठे मोडेमला दाबायचं कधी आणि गप्प बसायचं कधी याची अक्कल आली.

मराठीची गंमत वेगळीच. देवनागरी दोन्हीकडे दिसायची तर दोन्हीकडे जिस्ट कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरला भारतीय लिप्या दाखवायला लावणारं कार्ड हवं, आणि ते घरोघरी असणं शक्य नव्हतं. म्हणून मराठी माणसं एकमेकांना रोमनमध्ये शिव्या द्यायची. त्यात कुणी ८-एन-१ ऐवजी ७-ई-१ ठेवलं, म्हणजे अक्षराला आठऐवजी सातच बिट, की आठवा बिट गळायचा आणि सिसॉपने रात्र जागून काढलेल्या सुबक चौकटींच्या जागी डी, एम आणि झेडच्या माळा. वर तक्रार: "तुमचा बोर्ड बिघडलाय."

तक्रार करायची सोयही होती. एक बटण दाबलं की सिसॉपच्या कॉम्प्युटरवर बीप वाजे. समोरचा टाइप करतो ते अक्षर न् अक्षर दिसायचं, खोडलेलंसुद्धा. रात्री दीडला बीप, डोळे चोळत जावं, तर पडद्यावर "हॅलो". पुढे काही नाही. "सहज बघत होतो वाजतो का." यालाच नंतर 'हाय, कसे आहात' असं रूप आलं असावं.

आणि एवढं सगळं सांभाळून १९९० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने काय करावं? बीबीएस चालवायला वार्षिक परवाना हवा, आणि त्याचं शुल्क लाखांच्या घरात! पदरचं बिल भरून लोकांना फुकट बसू देणाऱ्याने लाख कशाचे भरायचे? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट आणलं. वर्षाला ५०० रुपयांत विद्यार्थ्याला टेक्स्टचं खातं मिळायला लागलं आणि बोर्डाला फोन लावणारे कमी होत गेले. त्याबद्दल राग नाही. मीही तिकडेच गेलो असतो आणि गेलोच. राग आहे तो आता कुणी हे सांगायला लागलं की समोरच्याचा अंगठा जो सुरू होतो त्याचा. चार मिनिटांच्या ढगाळ व्हिडिओसाठी आख्ख्या इमारतीचे फोन भरतात, आणि बदल्यात कुणाला एक फाइल द्यावी लागत नाही. बोर्डावर दोन न्यायच्या तर एक द्यायची असा नियम असे. न देणाऱ्याला जळू म्हणत आणि त्याची वेळ दहा मिनिटांवर आणत. ग्रुपवर हा नियम लावा आणि किती जण उरतात ते मोजा.

बोर्ड बंद करायला 'एस०=०' एवढंच लागतं. मोडेम उचलत नाही, घंटी वाजत राहते. पण बोर्डांच्या नंबरांच्या याद्या फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरलेल्या, त्यांना कोण सांगणार? आपोआप फोन लावणारे प्रोग्रॅम दर मिनिटाला पुन्हा पुन्हा लावत बसत. नंबर सोडून दिला तर ज्या कुटुंबाला तो नवा मिळाला, त्यांच्याकडे रात्री दोनला फोन, पलीकडे कुणी बोलत नाही, फक्त थोडी फूं-फूं. अशा घरी तक्रारीवरून लाइनमन यायचा, रोझेट, म्हणजे भिंतीवरची फोनची डबी, उघडायचा, दोन स्क्रू घट्ट करायचा आणि वहीत सही घ्यायचा: लाइन ओके.