किनाऱ्यावरचे एसी आणि आमच्याकडची राख

नागपूरकराने समुद्रावर पोस्ट का लिहावी? किनाऱ्यावर एसी वाढले की राज्याच्या ग्रिडवर भार येतो, आणि त्या ग्रिडसाठी कोळसा जळतो तो कोराडीत, खापरखेड्यात, चंद्रपुरात. माझ्या मावशीचं गाव अशाच एका वीज केंद्राजवळ आहे. कुरडया गच्चीवर टाकल्या की ती वरून जुनी ओढणी पांघरते. संध्याकाळी ओढणी झटकली की राखाडी भुकटी उडते.

म्हणूनच प्रशांत महासागरातल्या बोरा बोरा बेटावरच्या रिसॉर्टमध्ये 2006 साली जे सुरू झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे समुद्रात सुमारे 900 मीटरवर पाणी बारा महिने 5 अंशांच्या आसपास असतं. ते पाइपने वर आणायचं, इमारतीत फिरणारं गोडं पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये (एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रात) त्याच्यावर गार करून घ्यायचं आणि खारं पाणी परत समुद्रात सोडायचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. गारवा आयताच मिळतो, वीज लागते ती मुख्यतः पंपांना. ताहितीतलं मोठं सरकारी रुग्णालयही 2022 मध्ये यावर आलं. टोरोंटोत तर 2004 पासून ऑन्टारिओ सरोवराच्या तळाचं 4 अंशांचं पाणी वापरतात आणि गारवा काढून घेतला की तेच शहराला प्यायला देतात!

आपल्याकडेही खोल समुद्रात पाइप टाकायचा अनुभव आहे. लक्षद्वीपच्या कवरत्तीत 2005 पासून सुमारे 350 मीटरवरचं थंड पाणी वर ओढतात, खाऱ्याचं गोडं करण्यासाठी. मग तिथल्या दवाखान्यांना, कचेऱ्यांना गारवा याच मार्गाने का देऊ नये? बेटांवर वीज बहुतेक डिझेलवर होते, म्हणजे तिथे तर घाई करायला हवी. फक्त वापरलेलं पाणी पुरेसं खोल सोडायला हवं, नाहीतर त्यातल्या पोषकद्रव्यांमुळे किनाऱ्याजवळ शेवाळ माजतं.

मुंबईचं तसं नाही. तिच्यासमोर उथळ समुद्र कितीतरी दूरवर पसरलाय, पाइपचा खर्च झेपणार नाही. हवाई बेटांवरच्या होनोलुलूला तर खोल समुद्र जवळ होता, तरी तिथली अशीच मोठी योजना खर्च वाढल्यामुळे 2020 मध्ये गुंडाळावी लागली. पण गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एकाच ठिकाणी पाणी गार करून अनेक इमारतींना पुरवतात. ते मुंबईला नक्की जमेल. नव्या टॉवरला परवानगी देताना महापालिकेने बिल्डरला स्पष्ट विचारावं, तुमच्या थंडाव्याला वीज किती लागणार आणि ती कुठून येणार? आणि ते उत्तर कोराडीच्या ग्रामपंचायतीलाही कळवावं.