‘चाळिशीच्या आत कोलेस्टेरॉल तपासू नका’ म्हणे!

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: चाळिशीच्या आत कोलेस्टेरॉल तपासणं म्हणजे लॅबवाल्यांची धन. कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, हे अमेरिकेने 2015 सालीच कबूल केलं. हार्ट अटॅकच्या 75 टक्के पेशंटांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच असतं. खरा गुन्हेगार होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, बी-12 कमी पडलं की वाढतं), तेव्हा बी-12 घ्या आणि निर्धास्त राहा. खाली हात जोडलेले इमोजी.

एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि तो वाचून माझ्या मावसभावाने स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी बंद केली. वय 31. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 212. त्याच्या वडिलांची, म्हणजे काकांची, अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते 44 वर्षांचे होते. आता बोलणं भाग आहे.

त्यात खरं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा गेली, हे खरं. पण ती मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलची होती. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, त्यामुळे अंड्याच्या बलकाने बहुतेकांच्या रक्तात फार उलथापालथ होत नाही. ठीक, अंड्याची बदनामी जरा जास्तच झाली. रक्तातल्या एलडीएलला मात्र कुणी सोडलेलं नाही. त्याच मार्गदर्शिकेत संपृक्त चरबी रोजच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, असंही छापलंय. ते वाक्य मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलं.

75 टक्क्यांचा आकडाही हवेतला नाही. 2009 साली अमेरिकेतल्या हृदयरुग्णांच्या 1,36,905 भरतीनोंदींवरून तो निघाला. पण तिथे ‘नॉर्मल’ म्हणजे एलडीएल 130 च्या खाली. काही रुग्ण आधीपासून गोळ्यांवर होते, आणि अटॅक आल्यावर एलडीएल तसंही उतरतं. त्या संशोधकांनी त्यावरून काय म्हटलं? एलडीएलचं उद्दिष्ट आणखी खाली ठेवण्याला यातून पाठबळ मिळतं. पेपरात हे आणि मेसेजात नेमकं उलटं!

आता वयाचा मुद्दा. माझा खरा राग यावर आहे, कारण गोळी सुटली ती याच वाक्याने. कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली आणि 1953 साली निष्कर्ष छापले. सरासरी वय 22. तब्येतीने धडधाकट, भरतीची शारीरिक चाचणी पास झालेली पोरं. 77 टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसल्या. अटॅक पन्नाशीत येतो म्हणून रोगही पन्नाशीत सुरू होतो, हे गणित तेव्हाच मोडीत निघालं.

त्याहून बोलका पुरावा 2006 चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. काही कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या पीसीएसके9 नावाच्या जनुकात जन्मजात बिघाड असतो, आणि तो त्यांच्या पथ्यावर पडतो. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा 28 टक्के कमी. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांचा हृदयरोगाचा धोका किती कमी निघाला? 88 टक्के. आणि हे काही संतसज्जन नव्हते, त्यांच्यात बीपीवाले होते, सिगारेट ओढणारेही होते. उतारवयात गोळी सुरू करून एलडीएल साधारण तेवढंच उतरवलं, तर औषधाच्या चाचण्यांच्या पाचेक वर्षांत धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो. तेवढीच घट, पण एकाची जन्मापासूनची, दुसऱ्याची उशिरा सुरू झालेली. फरक पडतो तो वर्षांमुळे. आणि मेसेज नेमकी तीच वर्षं वाया घालवायला सांगतोय.

आमच्या पठ्ठ्याचं तर प्रकरणच वेगळं. 190 च्या वरचं एलडीएल आणि वडिलांना कमी वयात हृदयरोग, म्हणजे आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय घ्यायलाच हवा. हा दोष सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो. त्याच्या पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळट चपट्या गाठी आहेत, त्यांना मावशी इतकी वर्षं ‘उष्णतेच्या पुळ्या’ म्हणून चंदन लावतेय. ती बहुधा चरबी आहे.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना पहिली लिपिड तपासणी, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी, 18 व्या वर्षी करायला सांगतात, घरात लवकर हृदयरोग असेल तर त्याही आधी. उपाशीपोटी जायची सक्तीसुद्धा नाही.

होमोसिस्टीनचं थोडक्यात. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी मंडळींत, बी-12 कमी आणि होमोसिस्टीन जास्त असणं सर्रास आढळतं. बी-12 कमी असेल तर जरूर घ्या. पण 2006 च्या होप-2 चाचणीत साडेपाच हजार लोकांना फॉलिक अ‍ॅसिड, बी-6 आणि बी-12 दिलं. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. निर्धास्त कशाच्या जोरावर राहायचं?

आणि मेसेजात ज्याचं नावही नाही ते लायपोप्रोटीन-ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलसारखाच एक कण. ते मुख्यतः आईवडिलांकडून येतं, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही आणि बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. आमच्या घरात ते कुणीच तपासलेलं नाही. या आठवड्यात भावाला डॉक्टरांकडे नेऊन गोळीचं बोलायचंय, तेव्हा तेही करून घेऊ. सोबत त्याच्या धाकट्या बहिणीलाही न्यायचंय, कारण दोष आनुवंशिक निघाला तर तिच्यातही असण्याची शक्यता निम्मी. ती 26 ची आहे. मेसेजच्या हिशेबाने तिने अजून चौदा वर्षं थांबायला हवं.