नुसत्या कणांच्या मापावर पेशी ओळखू नका
लेखात म्हटलंय की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पीयूष ग्रंथीतली पेशी कोणती, हे स्रावकणांच्या (पेशीत साठलेल्या संप्रेरकाच्या कणांच्या) मापावरून ठरतं. हे अर्धंच खरं आहे. रॅटमध्ये वृद्धिसंप्रेरकाचे कण गोल, साधारण ३००-४०० नॅनोमीटरचे. प्रोलॅक्टिनचे (दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाचे) त्याहून मोठे, वेडेवाकडे. पण ७० नॅनोमीटर जाडीच्या छेदात मोठा कण कडेला कापला गेला, की लहानच दिसतो! खात्रीसाठी इम्युनोगोल्ड, म्हणजे सोन्याचे कण लावलेल्या अँटिबॉडीने संप्रेरक ओळखणं, हवंच. त्यासाठी ऊती टिकवताना ऑस्मियम टाळा, नाहीतर छेदांवर आधी सोडियम मेटापरआयोडेटची प्रक्रिया करा. एरवी अँटिबॉडी नीट चिकटत नाही. आणि छेद लेड सायट्रेटने (शिशाच्या रंजकाने) रंगवताना पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवाच. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लेड कार्बोनेटचा साका बसतो आणि ते काळेकुट्ट ठिपके नवख्याला हमखास स्रावकण वाटतात.