हराळी पाळणारा माणूस

आमच्या अण्णांची उभी हयात हराळीशी भांडण्यात गेली. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची आणि तिच्या जमिनीतल्या काशा वेचून बांधावर जाळायच्या. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे मी, परभणीत घर बांधलं आणि पैसे मोजून तीच हराळी अंगणात लावली. नर्सरीवाला तिला 'बर्म्युडा' म्हणाला होता, एवढीच काय ती माझी सबब.

गेल्या वर्षी थंडी पडली आणि अंगणाचं गोणपाट झालं. अमेरिकेत फिनिक्सला राहणारा भाचा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, मेली नाही ती, झोपलीय. आम्ही ऑक्टोबरात तिच्यावर राय गवत पेरतो. वाळवंट आहे आमचं, पण हिवाळाभर हिरवंगार!"

कृती सोपी. झोपू घातलेलीला आधी मुळापर्यंत खरवडायचं, मग चौरस मीटरला पन्नासेक ग्रॅम बी, वर चाळलेलं शेणखत आणि उगवेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा हलकं पाणी.

यंदा ऑक्टोबरात मी खरवडायला बसलो. अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. "आत्ता कसं! नांगर सांगू का?" पुढं शेणखत पसरून बी फेकताना दिसलो, तेव्हा म्हणाले, "काय करायलास रं? हराळीला खत घालायलास?" आणि उठून आत गेले. आतून ही बाहेर आली. "पंधरा दिवसांवर चतुर्थी आलीय. दुर्वा सगळ्या कापल्यात तुम्ही. आता दहा रुपयांची जुडी आणा बाजारातून."

पाण्याचं तर विचारूच नका. भाच्याकडं कोलोरॅडो नदीचं पाणी पाचशेहून जास्त किलोमीटरच्या कालव्यातून वाळवंटात येतं. आमच्या शेजारी लातूरला २०१६ साली मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली, तीही प्यायला. गवताला दिवसातून चार वेळा पाणी, हे मी गल्लीत कुणाला सांगणार? आरओचं सांडपाणी, तांदूळ धुतलेलं पाणी असं झारीत भरून, अंधार पडल्यावर चोरासारखा शिंपडत होतो.

दिवसा होले यायचे. जोडीनं, सावकाश, पंगतीला बसल्यासारखे. उरलेलं बी मुंग्यांनी रांगेत नेलं.

तरी आठव्या दिवशी उगवलं! टकलावर जावळ यावं तसं, ठिकठिकाणी. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "घास पेरला व्हय? शेळीला पेंढीभर द्या की." मी भाच्याला फोटो पाठवला. त्याचा उलट निरोप: "मस्त! मे महिन्यात उन्हानं मरेल. ऑक्टोबरात परत पेरा. दर वर्षी करावं लागतं."

हे त्यानं आधी सांगितलं असतं तर!

चतुर्थीला मी जुडी आणायला निघालो, तर ही म्हणाली, "राहू द्या." आरओच्या नळीखाली, फरशीच्या फटीत, जिथं मी काहीच केलं नव्हतं, तिथं हिरव्यागार दुर्वा आल्या होत्या. ही वाकून एकवीस मोजत होती. मागं अण्णा उभे होते, खुरपं घेऊन, तिची मोजणी संपायची वाट बघत.