‘फरक शून्य’ म्हणणाऱ्या नेरुळच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

विषयाला साजेसं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेऊन त्यावर एकाच विषयाची साइट कशी चालवायची, हे सांगणाऱ्या माझ्या ‘एक नाव, एक विषय, एक साइट’ या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री पावणेबाराला आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आहे तशी देतो: “ठाण्यात गाळ्याचं भाडं न परवडणाऱ्या पोरांना स्वप्नं विकू नका. डोमेनचं नाव कुठलंही घ्या, फरक शून्य. गूगल आता उत्तर स्वतःच वर देतं, मग साइटवर येतंय कोण? तुमची कमाई किती ते एकदा लिहाच. माझ्या भाच्याने वर्षभर साइट चालवली, एक रुपया हाती आला नाही, गेल्या महिन्यात डोमेन रिन्यूसुद्धा केलं नाही. आणि रिन्यूअलचा दरही चुकलाय.”

आधी ‘स्वप्नं विकू नका’बद्दल. लेखाखाली कोर्सची लिंक नाही, टेलिग्रामचा ग्रुप नाही, रविवारचा फुकट वेबिनार नाही. मग मी विकलं काय? लेख पटला नाही असं म्हणता आलं असतं. तुम्ही थेट माझ्या हेतूवर गेलात. वयाने मोठे असाल म्हणून इतकंच म्हणतो, की आधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. ‘पहिलं वर्ष खिशातून जाईल’ हे वाक्य तिसऱ्याच परिच्छेदात आहे.

दराचं मात्र तुमचं बरोबर. मी डॉट कॉमच्या रिन्यूअलचे सहाशे रुपये लिहिले होते, तो पहिल्या वर्षाच्या ऑफरचा आकडा होता. डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला डोमेन विकणाऱ्यांकडून, जो घाऊक दर घेते तोच सप्टेंबर 2024 मध्ये 10.26 डॉलर झाला, म्हणजे नऊशेच्या आसपास. त्यावर डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेचं किरकोळ शुल्क, रजिस्ट्रारचा नफा आणि 18 टक्के जीएसटी. हजाराच्या आत कोणी रिन्यू करून देत असेल तर तो पुढे कुठेतरी वसूल करणार. चूक माझी, लेखात दुरुस्त केली.

आता ‘नाव कुठलंही घ्या, फरक शून्य’. हे वाक्य तुम्ही ज्या खात्रीने टाकलंत, त्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो.

याचा उगम मला माहीत आहे. 28 सप्टेंबर 2012 ला गूगलचं स्पॅमविरोधी पथक तेव्हा सांभाळणाऱ्या मॅट कट्स यांनी जाहीर केलं, की शोधशब्द जसाच्या तसा नावात असलेल्या निकृष्ट साइट यापुढे निकालांत कमी दिसतील. तोवर लोक शोधशब्दच डोमेन म्हणून घ्यायचे, आत पाच पानांचा कचरा टाकायचे आणि वर यायचे. ते बंद झालं, आणि बरं झालं. पण त्या बदलाचा रोख निकृष्ट साइटवर होता, नावावर नव्हता. त्यातून ‘नावाला आता किंमतच नाही’ हा निष्कर्ष लोकांनी काढला आणि तेव्हापासून एकमेकांना ऐकवत आले. नावामुळे क्रमांक वाढत नाही, हे मीही लेखात लिहिलंय. नावाचं काम वेगळं आहे. साइटवर काय येणार आणि काय येणार नाही, ते नाव ठरवतं.

उदाहरण ठाण्याचंच घ्या. विषय: सोसायटीच्या गच्चीची गळती. घोडबंदर रोड असो की नेरुळचं सेक्टर, जून उजाडला की वरच्या मजल्यावरचे सभासद आणि कमिटी यांचं हेच चालू असतं. मराठी माणसाला पहिलं नाव सुचेल ‘गच्चीगळती’. छान वाटतं. आता ते रोमनमध्ये लिहून बघा. गच्ची म्हणजे जी-ए-सी-सी-एच-आय, की सी-एच दोनदा, की एकदाच? आणि गळतीचं स्पेलिंग जी-ए-एल-टी-आय, जे अर्ध्या लोकांना ‘गलती’ म्हणून वाचता येईल. पावसाळ्यात छत टपकणाऱ्या माणसाला तुम्ही ‘गच्चीगलती’ नावाच्या साइटवर बोलावताय. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून फोनवर एकाला नाव सांगा. स्पेलिंग न सांगता त्याने पहिल्या झटक्यात बरोबर टाइप केलं तर नाव पास. ‘गच्चीगळती’ तिथेच नापास. ‘ळ’ आणि ‘ण’ असलेली बहुतेक नावं तिथेच पडतात.

देवनागरीतच घ्या, म्हणाल. घेता येतं, डॉट भारत 2014 पासून आहे. पण यंत्रणेच्या पोटात ते नाव ‘एक्स-एन-डॅश-डॅश’ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत जातं. काही ठिकाणी लिंक कॉपी केली की तीच अक्षरं पुढे येतात, आणि त्या नावाचा ईमेल अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. जोडीला म्हणून घ्या, मुख्य म्हणून नको.

मग कमिटीचा सेक्रेटरी टाइप काय करतो? ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’. बोलतो मराठीत, शोधतो इंग्रजी शब्दाने. नावात ‘टेरेस’ आलं की स्पेलिंगचा प्रश्न मिटतो आणि विषयाला कुंपणही पडतं. त्या नावाखाली बाथरूमच्या टाइल्स आणि मॉड्युलर किचन टाकायचा मोह होत नाही. ‘होम’, ‘सोल्यूशन’, ‘गुरू’ असले शब्द जोडलेत की सहाव्या महिन्यात साइटवर पडद्यांच्या कापडाचा लेख दिसणार, हे मी लिहून देतो.

नाव विकत घेण्याआधी कागदावर त्या विषयाचे प्रश्न लिहा. खरे प्रश्न, सोसायटीच्या सभेत विचारले जातात तसे. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, उकरायचा की वरून कोटिंग मारायचं? जुन्या इमारतीवर दुसरा कोबा टाकला तर वजन किती वाढतं, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला का विचारायचं? काम झाल्यावर पाणी तुंबवून चाचणी घेताना पन्हळी किती तास बंद ठेवायच्या? (किमान 48. ‘रात्रभर पुरे’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला हात जोडा.) खर्च कोणाचा? आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तरी वरच्या मजल्यावरच्याकडून ‘तुमचाच फायदा आहे’ म्हणून पैसे मागितले जातातच. तीन कोटेशनं आली, एकात दर चौरस फुटाचा आणि दुसऱ्यात ब्रासचा (शंभर चौरस फुटांचा), तर तुलना कशी करायची? हमीपत्रात भेगा धरल्यात की फक्त झिरपणं?

असे तीस प्रश्न निघाले तर नाव घ्या. बारावर अडलात तर विषय फार अरुंद आहे, दोनशेवर गेलात तर साइट एका माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रत्येक प्रश्नाला एक पान, आणि प्रत्येक पानावर स्वतः काढलेला निदान एक फोटो. कोब्याचा थर उकरल्यावर आत काय दिसतं, हे फुकटच्या फोटोंच्या साठ्यात मिळत नाही. पानं जानेवारी-फेब्रुवारीत चढलेली हवीत. मे महिन्यात लोक शोधायला लागतात आणि त्याच महिन्यात टाकलेलं पान गूगलच्या नजरेत भरेपर्यंत पाऊस निघून जातो.

जुनं, कोणीतरी सोडलेलं नाव घेणाऱ्यांसाठीही नावाचा फरक शून्य नाही. जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये त्या नावाचा भूतकाळ बघा. मधली दोन वर्षं तिथे जुगाराच्या लिंका असतील तर सोडून द्या. सोडलेलं नाव फक्त जुन्या पुण्याईवर वर येण्यासाठी घेणं, हे गूगलने मार्च 2024 पासून स्पॅमच्या नियमांत स्पष्टपणे घातलंय. गूगलने त्या नावावर हाताने कारवाई केलेली असेल तर ती साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसते, पण नाव तुमच्या ताब्यात आल्यावरच. म्हणजे पैसे गेल्यावर. आणि नावात एखाद्या प्राधिकरणाचं किंवा कंपनीचं नाव घालू नका. नवी मुंबईत ‘सिडको’ शब्द जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. ट्रेडमार्कधारकाने तक्रार केली तर डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी अशी डोमेनचे वाद मिटवणाऱ्या नियमांची ठरलेली वाट आहे. त्या वाटेने नाव जातं आणि केलेल्या कामाची भरपाई कोणी देत नाही. डॉट इन घेताना स्वतःचं नाव-पत्ता झाकणारी प्रायव्हसी सेवाही चालत नाही, तेव्हा खरा पत्ता द्यायची तयारी ठेवा.

डॉट इन 2005 साली सर्वांना खुलं झालं तेव्हापासून मी नावं घेतोय, चालवतोय, काही सोडूनही देतोय. तुमच्या ‘फरक शून्य’मागे किती वर्षं आहेत, ते प्रतिक्रियेत दिसलं नाही.

गूगल स्वतःच उत्तर देतं, हे सगळ्यांना दिसतंय. ऑगस्ट 2024 पासून भारतातही दिसतंय. एका ओळीत उत्तर संपणारे प्रश्न त्यामुळे गेले. त्यावर स्वतंत्र लिहीन, इथे फाटा फोडत नाही.

माझी कमाई सांगणार नाही. तुम्ही तुमची पेन्शन सांगता का? हिशेबाची पद्धत सांगतो, आकडे धरलेले आहेत. महिन्याला दहा हजार वेळा पानं उघडली गेली आणि हजारामागे साठ रुपये पडले तर सहाशे रुपये. साइटवर जाहिराती दाखवणारी गूगलची सेवा, ॲडसेन्स, 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. म्हणजे पहिला भरणा यायला सव्वा वर्ष. आपल्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन देणाऱ्या ॲमेझॉनच्या संलग्न योजनेत 180 दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातंच बंद होतं. म्हणून गच्चीसारख्या विषयात मी जाहिरातींच्या कोडवर विसंबत नाही. ठाण्या-नवी मुंबईतल्या एका वॉटरप्रूफिंगवाल्याला पानावरची जागा महिन्याच्या ठरावीक भाड्याने देणं बरं. भाव मार्चमध्ये ठरवा. जूनमध्ये त्याला फोन घ्यायलाही सवड नसते.

आता भाचा. त्याचा दोष काढत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याच्या लेखाखाली राग काढणाऱ्या मामांचा काढतोय. ‘एक रुपया हाती आला नाही’ याचे दोन अर्थ होतात. जाहिरातींतून काहीच मिळालं नाही, किंवा मिळालं ते खात्यातच पडून आहे. दहा डॉलर झाले की ॲडसेन्स पत्ता तपासायला साध्या टपालाने पिन पाठवतं, आणि पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्त्यात सेक्टर आणि प्लॉट क्रमांक आहे पण इमारतीचं नाव नाही, अशी टपालं नवी मुंबईत कुठे कुठे फिरत असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा खातं उघडून शिल्लक बघायला सांगा. दहा डॉलरच्या वर असेल तर पिन पुन्हा मागवून पत्ता पक्का करता येतो, आणि मग खातं बंद करताना ती रक्कम मिळते. शंभर भरायची वाट बघावी लागत नाही.

आणि डोमेन. गेल्या महिन्यात मुदत संपली म्हणता. डॉट कॉम असेल तर ते बहुधा अजून गेलेलं नसणार. आधी रजिस्ट्रारचे सवलतीचे दिवस असतात, जास्तीत जास्त 45, पण काही रजिस्ट्रार ते बरेच कमी ठेवतात. त्यात नेहमीच्या दराने रिन्यू होतं. ते संपले की 30 दिवस सोडवणुकीचे, त्यात दंडासकट काही हजार जातात. मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव बाजारात. नाव नोंदवलंय कोणाच्या ईमेलवर, ते आधी विचारा. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या ईमेलवर असेल तर पहिला फोन त्याला. तारीख मोजा, आणि आज संध्याकाळीच भाच्याशी बोलून घ्या.