साडेनऊ फुटांची पट्टी

शटरवर पाटी लावली, ‘लग्नकार्यानिमित्त दुकान दोन दिवस बंद राहील’, आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं कोल्हापुरातून मुंबईला निघालो. लग्न कुणाचंच नव्हतं. गोरेगावला फ्रेमवाल्यांचं प्रदर्शन होतं. पट्ट्या, काचा, माउंट बोर्ड म्हणजे फ्रेमच्या आत फोटोभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, कटाईची मशिनं, सगळं एका छपराखाली. पण हे पाटीवर लिहायची सोय नव्हती, कारण समोर समोरचा आहे.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा फ्रेमवाला. त्याला नाव आहे, पण गेली 19 वर्षं आमच्या घरात ते कुणी घेतलेलं नाही. हीसुद्धा ‘आज समोरच्यांनी लवकर उघडलंय हो’ असं म्हणते, जणू तिचे ते थोरले दीरच. मी नवी पट्टी आणली की आठ दिवसांत ती त्याच्या भिंतीवर टांगलेली. त्याची मी चार दिवसांत टांगतो, ते वेगळं. तर प्रदर्शनाची बातमी मी सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा कळू दिली नव्हती. त्यातून नशीब असं, की निघताना समोरच्याच्या शटरवरही पाटी दिसली: ‘प्रकृती बरी नसल्याने बंद’. मला जरा वाईटही वाटलं. जरा.

मिरजेला पाण्याची बाटली घ्यायला उतरलो. स्टॉलवर एक ओळखीची पाठ उभी होती. पाठ वळली. पुढची दोन मिनिटं आम्ही दोघांनी रेल्वेचं वेळापत्रक इतकं मन लावून वाचलं, की मिरजेहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या मला आजही पाठ आहेत.

सकाळी हॉलच्या दारात नोंदणी. खिडकीतल्या मुलीनं माझं कार्ड घेतलं, टकटक केलं आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला दिला. दुकानाच्या नावातल्या ‘फ्रेम’चं तिनं ‘फार्म’ केलं होतं. दुरुस्तीची रांग नोंदणीच्या रांगेपेक्षा लांब होती, म्हणून मी शेतकरी होऊनच आत शिरलो. दिवसभर स्टॉलवाले माझी छाती वाचायचे आणि आवाज मऊ करायचे. एकानं तर ‘फार्महाउससाठी बघताय का सर?’ म्हणून चहा मागवला. त्याला मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. चहा चांगला होता.

प्रदर्शन म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला वाटतं माल बघायचा आणि घ्यायचा. तसं नसतं. आधी पिशवी मिळते. पिशवीत कॅटलॉग पडतो. प्रत्येक स्टॉलवर एक, आणि कागद असा जाड की त्याचीच फ्रेम करावी. बारा वाजेपर्यंत माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. मग भाव विचारायचा. भाव मीटरवर. मी आयुष्यभर फुटात जगलेला माणूस, त्याला 3.28 नं भागेपर्यंत पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला. मग हिंमत करून विचारायचं, ‘कमीत कमी किती घ्यावं लागेल?’

‘एक कंटेनर, सर.’

माझं दुकान दहा बाय बारा. कंटेनर आला तर मालाला जागा देऊन मीच समोरच्याकडे नोकरीला जाईन.

इटालियन पट्टीच्या स्टॉलवर मी जरा रेंगाळलो. सोनेरी वर्ख, दोन इंच रुंद, हात फिरवला की मांजराची पाठ वाटावी. गिऱ्हाईक नेहमी भांडतं, ‘फोटो 12 बाय 18, म्हणजे चारी बाजू मिळून पाच फूट, तुम्ही सव्वासहा फुटांचे पैसे कसे लावता?’ त्याला सांगून पटत नाही, की चार कोपरे म्हणजे आठ तिरके काप, आणि प्रत्येक कापात पट्टीच्या रुंदीएवढी पट्टी जास्तीची लागते. दोन इंची पट्टी असेल तर सोळा इंच वाढले. साठ आणि सोळा शहात्तर. सव्वासहा फुटांपेक्षा एक इंच जास्तच, आणि तो इंच मी सोडून देतो. हा हिशेब माझे बाबा खडूनं फरशीवर मांडून दाखवायचे. स्टॉलवरच्या पोरानं तोच टॅबवर दाखवला. भांडणारं गिऱ्हाईक मात्र तिथं कुणी नव्हतं, त्यामुळे मजा आली नाही.

पुढं मशिनं. बाबांकडे एक लाकडी खोबणी होती. तिच्यात पट्टी ठेवायची, करवत चालवायची आणि 45 अंश देवाच्या भरवशावर सोडायचे. प्रत्येक काप अर्धा अंश जरी चुकला, तरी आठ कापांचे चार अंश शेवटच्या कोपऱ्यात येऊन उभे राहतात. त्या फटीत बाबा भुसा आणि सरस भरायचे, वर तपकिरी रंगाचं बोट, आणि फोटोतली अंबाबाई सांभाळून घ्यायची. इथं एक मशीन दोन पात्यांनी एका दाबात दोन्ही बाजूंचे 45 कापत होतं. शेजारचं हवेच्या दाबानं खालून व्ही आकाराची पिन मारून कोपरा जोडत होतं. ठोका नाही, खिळा दिसत नाही, बोट चेचत नाही. चेचलेल्या बोटाशिवाय फ्रेमवाला ओळखायचा कसा, हा विचार मनात आला. पण तो किंमत ऐकून आला असावा.

खरं प्रदर्शन मला भेटलं ते मागच्या दाराशी, वडापावच्या रांगेत. पुढं जळगावचा एक फ्रेमवाला उभा होता, पासष्टीचा, बोटं चेचलेली. आमच्या धंद्यात गावातला माणूस गावातल्याला खिळ्याचा नंबरसुद्धा खरा सांगत नाही. पण जळगावचं गिऱ्हाईक कोल्हापूरला येत नाही आणि आमचं तिकडं जात नाही. त्यामुळे दहा मिनिटांत त्यांनी मला उधारी कशी वसूल करायची, काच पाठवणाऱ्याला फुटीचे पैसे कधी सांगायचे आणि पावसाळ्यात फोटो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये काय घालायचं, हे सगळं सांगून टाकलं. मीही उदार झालो. म्हटलं, ‘काका, माउंटच्या आतल्या कडेला, तिरका काप असतो ना, तिथं चार-पाच वर्षांत पिवळेपणा येतो. लोक तक्रार घेऊन येतात. मी सांगतो, उदबत्तीचा धूर बसतो.’

काकांनी वडा तोंडाशी नेता नेता थांबवला.

‘घरी वर्तमानपत्र येतं का?’

‘येतं.’

‘दोन महिन्यांत पिवळं पडतं की नाही? त्याला कोण उदबत्ती ओवाळतं?’

मी गप्प. मग ते सविस्तर बोलले. स्वस्तातला माउंट बोर्ड आतून लाकडाच्या लगद्याचा. लगद्यात लिग्निन नावाचा लाकडातलाच घटक, त्यानं तो पिवळा पडतो आणि त्याचं आम्ल हळूहळू सुटत जातं. तिरक्या कापात बोर्डाचं पोट उघडं पडतं, म्हणून तिथं आधी दिसतं. बोर्डाची कडच नव्हे, तिला टेकलेला फोटोही खातं ते. कापसाच्या लगद्याचा बोर्ड घ्या, नाहीतर खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट घालून आम्ल मारलेला. ‘महाग पडतो,’ ते म्हणाले, ‘पण आजोबांचा फोटो पुन्हा काढता येत नाही.’

म्हणजे 19 वर्षं मी कोल्हापुरातल्या समस्त देवघरांवर खोटा आळ घेत होतो.

‘मी डासांच्या कॉइलचा धूर सांगतो,’ मागून आवाज आला. समोरचा होता. हातात वडापाव, गळ्यात बिल्ला. त्याच्यावर ‘फ्रेम’ बरोबर छापलेलं होतं.

आता वेळापत्रकही नव्हतं वाचायला. ‘तब्येत कशी आहे?’ मी विचारलं.

‘बरी आहे. लग्न कसं झालं?’

‘झकास.’

काका दोघांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं आम्ही नात्यातले.

नंतर आम्ही एकत्रच फिरलो. शेवटचा दिवस, शेवटचा तास. स्टॉलवाले आवराआवर करत होते, आणि परत नेण्याचं भाडं वाचवायला दिसेल त्याला नमुने वाटत होते. ती सोनेरी पट्टी, अख्खी, 2.9 मीटर म्हणजे साडेनऊ फूट, त्या पोरानं उचलून पुढं केली. तिचं एक टोक माझ्या हातात आलं, दुसरं समोरच्याच्या. सोडायला कुणी तयार नाही.

‘निम्मी निम्मी करू,’ मी म्हटलं.

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. मीही केला. निम्मी म्हणजे 57 इंच. 57 इंचांत 12 बाय 18 बसत नाही. दोघांचंही नुकसान. त्यातून हॉलमध्ये कापायची इतकी मशिनं, पण बहुतेक 45 वर लावलेली. तिरकं कापून आणखी चार इंच भुश्यात. शेवटी ठरलं, अख्खीच न्यायची.

साडेनऊ फुटांची पट्टी रिक्षात बसत नाही. लोकलमध्ये बसते, माणसं बसत नाहीत. गोरेगाव ते दादर मी पुढच्या दाराशी टोक धरून, तो डब्याच्या मध्यावर दुसरं टोक धरून, आणि मधल्या लोकांना वाटलं ही नवी धरायची दांडी; दोघांनी तर धरलीसुद्धा. दादरला पुलावर एकानं विचारलं, ‘पालखी कुठंय?’ महालक्ष्मीत ती माझ्या बर्थखाली सुरू होऊन शेजारच्या कुटुंबाच्या जेवणाच्या डब्यापाशी संपत होती. रात्री बाथरूमला उठलेले दोघे अडखळले. पहिला मला बोलला, दुसरा समोरच्याला. टोकं आम्ही बरोबर वाटून घेतली होती.

कोल्हापुरात उतरल्यावर रिक्षा नाहीच म्हणाली, तेव्हा ती पट्टी खांद्यावर टाकून, पुढं तो आणि मागं मी, असे सकाळी दुकानांपर्यंत चालत आलो. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. एकानं टोपीसुद्धा काढली.

पट्टी अजून तशीच आहे. उन्हाळ्यात त्याच्याकडे असते, पावसाळ्यात माझ्याकडे, कारण त्याचं दुकान गळतं. आम्ल मारलेला बोर्ड मात्र आम्ही दोघांनी मिळून मागवला. तेवढा माल घेतला म्हणून भावही बरा पडला.

पुढच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. वडिलांचा फोटो, माझ्याच दुकानातली फ्रेम, माउंटची कड चहात बुडवल्यासारखी. ‘मागच्या खेपेला तुम्ही उदबत्ती म्हणाला होता,’ तो म्हणाला.

मी मन घट्ट केलं. म्हटलं, ‘साहेब, उदबत्ती नव्हे. चूक माझ्या बोर्डाची. बदलून देतो, पैसे नाहीत.’

त्याचा चेहरा पडला. ‘म्हणजे उदबत्तीनं काही होत नव्हतं?’

‘नाही.’

‘अहो, तुम्ही सांगितल्यापासून आईनं फोटोपुढं उदबत्ती लावणं बंद केलंय. सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी फोटोची माफी मागते.’

फ्रेम मी तिथंच उघडायला घेतली. पोराला शेजारच्या पूजेच्या दुकानात पाठवलं, ‘मोगऱ्याचे दोन पुडे आण, मोठे, आणि माझ्या खात्यावर लिहायला सांग.’